छापखान्यातल्या तारा

त्या खोलीत येणाऱ्यांपैकी एकाचीही ती आत्या लागत नव्हती. पण पहिल्याच बैठकीत इंटरनेट पुरवणाऱ्या दोन कंपन्यांचे मालक हमरीतुमरीवर आले आणि तिनं दोघांनाही असं काही झापलं, की तिसरा हसत म्हणाला, "ही आमच्या आत्यासारखीच आहे. दोन्हीकडून बोलते आणि दोन्हीकडून वाईट होते." तेव्हापासून ती आत्या झाली. पुढं पुढं तर टपालावरसुद्धा तेच नाव येऊ लागलं.

आत्या शिकलेली इंजिनिअर. शहरातल्या निम्म्या घरांना इंटरनेट देणारी जी सर्वांत मोठी कंपनी, जिला सगळे थोरली म्हणत, तिथंच तिची उमेदीची वर्षं गेली. धाकट्या भावालाही तिनंच तिथं चिकटवलं, हाताला धरून काम शिकवलं, आणि तो तिच्याही पुढं गेला. तिला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. तिला खुपत होतं ते निराळंच. एका गल्लीत समोरासमोर दोन घरं. एकात थोरलीची जोडणी, दुसऱ्यात एखाद्या लहान कंपनीची. या घरातून त्या घरात फोटो पाठवला, तर तो आधी समुद्राखालच्या केबलनं परदेशात जायचा आणि तिथून वळसा घालून समोरच्या दारात यायचा. का, तर या शहरात दोन्ही कंपन्यांच्या तारा एकमेकींना कुठंच भेटत नव्हत्या.

यावरचा उपाय काही जगावेगळा नव्हता. एक खोली घ्यायची, तिथं एक मोठा स्विच, म्हणजे सगळ्या तारा एकमेकींना जोडणारं यंत्र, ठेवायचा, सगळ्यांनी आपापली तार त्यात आणून लावायची आणि शहरातली देवाणघेवाण शहरातच करायची. याला एक्सचेंज म्हणतात. आत्यानं नोकरी सोडली ती यासाठी. स्विच मिळवणं सोपं होतं. तो कुठं ठेवायचा, यावर मात्र वर्ष गेलं.

पहिलं बोलावणं थोरलीचंच आलं. निरोप घेऊन धाकटा आला. "ताई, जागा शोधत वणवण कशाला करतेस? आमच्या इमारतीत ठेव. थंड खोल्या आहेत, जनरेटर आहेत, पहारा आहे. मी वरच्यांना शब्द दिलाय."

ती जागा बघायला गेली. खोट काढायला वावच नव्हता. पण फाटकावर, जिथून ती वर्षानुवर्षं आत गेली होती, तिथं पास येईपर्यंत तिला बाकावर बसवून ठेवलं. परत निघताना तिनं भावाला विचारलं, "उद्या एखाद्या लहान कंपनीची, त्या टॉवरवाल्याची म्हण, तार बिघडली आणि तो दुपारी इथं आला, तर दार कोण उघडेल?"

"पास काढायचा. मिळतो."

"आणि तुमच्या लोकांनी नाही दिला तर?"

भावानं तिचा पास घेतला आणि पहारेकऱ्याकडं परत दिला.

विद्यापीठातली खोली तिनं पाहिली. तिथं सुट्टी लागली की किल्ली शिपायाबरोबर गावाला जायची. शेवटी तिला सापडला तो बंद पडलेला एक छापखाना. दिसायला अगदीच उदास. पण तो पुलाच्या तोंडाशी होता, आणि शहराचे दोन भाग जोडायला सगळ्या कंपन्यांच्या केबली त्याच पुलाखालून नदी ओलांडत. म्हणजे ज्यांना बोलवायचं होतं, त्यांच्या तारा आधीच दारावरून जात होत्या. छपाईची अवजड यंत्रं पेललेली जमीन होती, तिला बॅटऱ्यांचं ओझं काहीच नव्हतं. आणि छापखान्याच्या म्हाताऱ्या मालकाला या धंद्यातलं ओ की ठो कळत नव्हतं, कुणाचीच बाजू घ्यायचं त्याला कारण नव्हतं. तो एवढंच म्हणाला, "बाई, यंत्रं विकल्यापासून इथली शांतता खायला उठते. तुमचं यंत्र आवाज करतं का?"

"पंख्यांचा करतं. चोवीस तास."

"मग या."

धाकट्याला हे कळलं तेव्हा तो घरी आला, पण बसला नाही. "वरच्यांसमोर माझं हसं केलंस तू. लोक काय म्हणतात माहितेय? सख्ख्या बहिणीचा याच्यावर विश्वास नाही."

"तुझ्यावर आहे. त्या फाटकावर नाही."

"फाटक आणि मी वेगळे आहोत का?" असं म्हणून तो गेला. त्यानंतर दोघं आईला भेटायला जायची तीसुद्धा एकमेकांना टाळून. एकाची गाडी खाली दिसली की दुसरा पुढच्या चौकातून परत फिरे. आई दोघांनाही समजवून थकली आणि मग तिनं तो विषयच सोडून दिला.

छापखान्यात सुरुवातीला तीनच कंपन्या आल्या, त्याही लहान. चौथा विचारायचा, "आत कोण कोण आहे?" आणि उत्तर ऐकून "बघू पुढं" म्हणायचा. रिकाम्या खोलीत यायला कुणी तयार नसतं, आणि कुणी आल्याशिवाय खोली भरत नाही. आत्याचे ते दिवस याच पेचात गेले. मग शाळांचे धडे ऑनलाइन देणाऱ्या काही मंडळींनी आपली यंत्रं तिथं आणली. ते धडे जवळून, झटकन मिळावेत म्हणून आणखी कंपन्या आल्या. एवढ्या कंपन्या एका जागी बघून एका व्हिडिओवाल्यानं आपला साठ्याचा खोका, म्हणजे लोक वरचेवर बघतात ते व्हिडिओ साठवून ठेवणारं यंत्र, तिथं ठेवला, आणि मग जे नाकं मुरडत होते ते रांगेत उभे राहिले. स्विच बदलून मोठा आणावा लागला, तोही पुरेना.

आली नाही ती थोरली. तिच्या गिऱ्हाइकांपर्यंत पोचायची वाट ती लहान कंपन्यांना विकत असे, तीही परदेशातून. छापखान्यात येऊन तीच वाट मोकळी कोण करून देईल? या विक्रीत सर्वांत भरडला गेला तो टॉवरवाला. एका टेकडीवर एक टॉवर उभारून त्यानं धंदा सुरू केला होता, आणि थोरलीचं नाव काढलं की त्याच्या कपाळावरची शीर उडायची.

ज्या दिवसाची ही गोष्ट, त्या दिवशी सकाळी एका जहाजाचा नांगर समुद्राखालच्या केबलवर घासत गेला आणि केबल तुटली. जोडीची दुसरी केबल आधीच दुरुस्तीला काढलेली होती. शहराचा बाहेरच्या जगाशी संबंध जवळपास संपला.

छापखान्यात मात्र काम सुरू होतं. उलट स्विचवरची वाहतूक वाढली होती. परदेश बंद असला तरी आपसातलं सगळं चालू होतं. आत्या पडद्यावरचे आलेख बघत होती आणि मनातून थोडी खूशही होती, खोटं कशाला बोला. तेवढ्यात फोन वाजला.

"मॅडम, मी रुग्णवाहिका नियंत्रण कक्षातून बोलतेय." आवाज बाईचा होता. कक्षाची प्रमुख. "कोणती गाडी कुठं आहे ते दाखवणारी आमची यंत्रणा टॉवरवाल्यांच्या सर्व्हरवर आहे. ती सुरू आहे म्हणतात. पण गाड्यांमधली यंत्रं आणि दोन मोठी हॉस्पिटलं थोरलीच्या जोडणीवर आहेत. तिकडून काहीच पोचत नाहीये."

सर्व्हर या शहरात, गाड्या या शहरात, आणि मधली वाट परदेशातून. ती वाट आज बुडाली होती.

"फोनवरून गाड्या पाठवतोय," प्रमुख म्हणाली, "पण फोन लागत नाहीत. मघाशी एकाच अपघाताला दोन गाड्या पोचल्या, आणि दुसऱ्या एका घरी कुणीच नाही. तुम्ही काही करू शकता का?"

"बघते," आत्या म्हणाली. आणि फोन ठेवला तर दारात धाकटा उभा. पायऱ्या धावत चढून आल्यानं त्याला धाप लागली होती. या खोलीत तो पहिल्यांदाच येत होता.

"ताई," तो म्हणाला, "आम्हाला आत घे."

"वरच्यांनी सांगितलं?"

"वरचे दुसऱ्या शहरात आहेत. संपर्कच नाही. मी माझ्या जबाबदारीवर आलोय."

कित्येक वर्षांचा अबोला तिथं असा मोडला. पण नवा सभासद घ्यायचा तर बाकीच्यांची संमती लागत होती. तो नियम आत्यानंच केला होता. तिनं सगळ्यांना बोलावून घेतलं. जवळपासचे आले, बाकीचे फोनवर आले. टॉवरवाला आला आणि धाकट्याला बघून दारातच थांबला.

"हा इथं काय करतोय?"

आत्यानं सांगितलं. टॉवरवाल्यानं शांतपणे ऐकून घेतलं, आणि तेच जास्त भीतिदायक होतं.

"आत्या, इतकी वर्षं यांनी आमच्या नरड्यावर पाय ठेवला. आज पहिल्यांदा यांच्या गिऱ्हाइकांना कळतंय की मोठेपणा म्हणजे सगळं नव्हे. आमच्याकडं सगळं चालू आहे, यांच्याकडं ठणठणाट. दोन दिवस असंच राहू दे. निम्मं शहर आमच्या दारात येईल."

फोनवरून एकदोघांनी "बरोबर आहे" म्हटलं. धाकटा मान खाली घालून उभा होता.

आत्यानं वाद घातला नाही. तिनं नियंत्रण कक्षाला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला. प्रमुख दुसऱ्याच कुणाशी बोलत होती. "नाही ताई, गाडी निघालीय. कुठवर आलीय ते मला दिसत नाहीये. हो, दार उघडं ठेवा. त्यांना कुशीवर वळवा. मी आहे फोनवर." मग पलीकडून एका बाईचा रडका आवाज.

टॉवरवाल्यानं हात पुढं करून स्पीकर बंद केला. "घ्या आत. पण नियमानं. आधी तपासणीच्या कप्प्यात, मग बाकीच्यांबरोबर. यांच्यासाठी वेगळा नियम नाही."

तपासणीचा कप्पा म्हणजे स्विचमधलाच एक वेगळा काढलेला भाग. नव्या सभासदाची तार आधी तिथं लावायची, तिच्यातून काही भलतंसलतं येत नाही ना ते बघायचं, आणि मगच तिला इतरांत सोडायचं.

"नियमानंच," आत्या म्हणाली. फोनवरच्यांनीही एकेक करून होकार दिला.

थोरलीची केबल पुलाखालून जात होती, पण छापखान्यात वळलेली नव्हती. पुलाच्या कडेचं भूमिगत झाकण उघडून तिच्यातले काही धागे फोडायचे आणि छापखान्याच्या केबलला जोडायचे होते. केबल जोडणारा कारागीर व्हॅन घेऊन आला. पुलावर गाड्यांची ही गर्दी, वारा सुटलेला, ऊन डोक्यावर. केसापेक्षा बारीक काचेचा धागा, त्याचं टोक आरशासारखं कापायचं, दुसऱ्या टोकासमोर धरायचं आणि ठिणगीनं वितळवून एक करायचं. त्यात धुळीचा कण गेला की सगळं फुकट. धाकटा आणि टॉवरवाला दोन्ही बाजूंनी ताडपत्री धरून उभे राहिले, एकमेकांकडं न बघता. कारागिरानं पहिला जोड केला, यंत्रावर बघितलं आणि कापून टाकला.

"काय झालं?" धाकटा म्हणाला.

"बोलू नका. ताडपत्री हलते."

दुसरा जोडही गेला. तिसरा बसला. तोवर वर आत्याचा फोन थांबायचं नाव घेत नव्हता. कक्षाची प्रमुख आता विनवत नव्हती. तिचा आवाज सपाट झाला होता. "अजून किती?" एवढंच विचारायची.

धाकटा धावत वर आला. खालून वर आणलेल्या केबलचं टोक आत्याच्या हातात आलं. पुढं तपासणीचा कप्पा आणि त्याच्याच शेजारी मुख्य जागा.

"ताई, तपासणी नको," धाकटा म्हणाला. "त्यात वेळ जाईल. आमच्या बाजूची मांडणी मी स्वतः पाहिलीय. माझ्यावर विश्वास ठेव."

टॉवरवाला अजून खाली झाकण बसवून घेत होता. फोन पुन्हा वाजला. आत्यानं भावाकडं पाहिलं. त्याचा शर्ट घामानं अंगाला चिकटला होता, आणि "विश्वास ठेव" म्हणतानाचा त्याचा चेहरा तिला बघवेना. एकदा तिनं त्याला नाही म्हटलं होतं, त्याची किंमत दोघांनी इतकी वर्षं मोजली होती. तिनं केबल मुख्य जागेत लावली.

क्षणभर सगळं नीट झाल्यासारखं वाटलं. हिरवा दिवा लागला. धाकट्यानं सुस्कारा सोडला. आणि मग स्विचवरचे सगळेच्या सगळे दिवे एकदम पिसाटल्यासारखे लुकलुकायला लागले. पंख्यांचा आवाज चढला. पडद्यावरचे आलेख उभे भिंतीसारखे वर गेले आणि एकेक करून जमिनीवर आले. शाळांचे धडे बंद. व्हिडिओ बंद. लहान कंपन्यांची आपसातली सगळी वाट बंद. सकाळपासून शहरात जे काही तगून होतं, तेही गेलं.

आत्यानं केबल ओढून काढली. तिला वाटलं, काढल्याबरोबर थांबेल. थांबलं नाही. स्विचला इतकी झीट आली होती की तो कुणाचंच ऐकेना. तिनं आज्ञा दिल्या, पडदा उत्तर देईना.

जिन्यावर पावलं वाजली. टॉवरवाला आत आला तो ओरडतच. "काय केलंत? माझं सगळं गेलं! सगळ्यांचं गेलंय!" मग त्याची नजर तिच्या हातातल्या केबलवर आणि रिकाम्या तपासणीच्या कप्प्यावर गेली, आणि तो ओरडायचा थांबला. "तुम्ही थेट लावलीत," तो हळू आवाजात म्हणाला. "आत्या, तुम्ही?"

"मी लावली," ती म्हणाली. "माझी चूक. आता मला काम करू द्या."

धाकटा म्हणायला गेला, "मीच तिला—"

"तू गप्प बैस. हात माझा होता."

स्विच बंद करून पुन्हा सुरू करण्यावाचून गत्यंतर नव्हतं. सुरू व्हायला वेळ लागतो, आणि त्या वेळात करण्यासारखं काही नसतं. तिघं पडद्यासमोर उभी राहिली. फोन वाजत राहिला. आत्यानं तो उचलला आणि जे खरं होतं ते सांगितलं: "माझ्या हातून बिघडलंय. पुन्हा उभं करतेय." पलीकडून फोन बंद झाला नाही, लांबून दुसरे फोन वाजल्याचे आवाज तेवढे येत राहिले.

पडद्यावर एक ओळ आली. मग दुसरी. एकेक सभासद परत दिसू लागला. टॉवरवाल्याची रेघ वर आली तेव्हा तो खुर्चीत बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं.

आता केबल तपासणीच्या कप्प्यात गेली, आणि लगेच कळलं. थोरलीच्या माणसांनी, एक तार तुटली तर दुसरी असावी म्हणून, आपल्या बाजूला दोन तारा एकमेकींत लावून ठेवल्या होत्या. एकीतून गेलेलं दुसरीतून परत, परत तिकडून इकडं, असं तेच तेच गरगरत वाढत गेलं होतं. धाकट्यानं आपल्या माणसाला फोनवर धरलं. "डावीकडची काढ. नाही, तुझ्या डावीकडची नाही, यंत्राच्या. काढलीस? हातात आहे तुझ्या? हातातच ठेव."

कप्प्यातली गडबड थांबली. सगळं स्वच्छ दिसत होतं. पण आत्यानं केबलला हात लावला नाही. ती टॉवरवाल्याकडं वळली.

"तुम्ही बघा. तुम्ही म्हणाल तर लावते. मघाशी मी एकटीनं ठरवलं, आता नाही."

टॉवरवाल्यानं खुर्ची ओढली, चष्मा पुसला आणि पडद्यावरची ओळन् ओळ वाचली. धाकटा पायावरचा भार बदलत होता. वाचून झाल्यावर टॉवरवाल्यानं पडदा पुन्हा वर सरकवला आणि अर्धं परत वाचलं.

"लावा," तो म्हणाला.

हिरवा दिवा लागला. एकामागून एक कंपन्यांनी थोरलीला ओळख दिली, आणि पडद्यावर तिची रेघ हळूहळू वर चढली. आत्यानं फोन कानाला लावला. "बघा बरं आता."

पलीकडं खुर्च्या सरकल्याचा आवाज, कुणाची तरी हाक. मग प्रमुख म्हणाली, "दिसतायत. एक... तीन... गाड्या दिसतायत, मॅडम." आणि तिनं फोन ठेवून दिला, कारण तिला कामं होती.

धाकटा भिंतीला टेकून खाली जमिनीवर बसला. आत्या त्याच्याजवळ गेली नाही. ती पडद्यावरची थोरलीची रेघ बघत राहिली.

पुढच्या आठवड्यात ती नियंत्रण कक्षात गेली. शहराच्या टोकाच्या वस्तीतला एक माणूस त्या दिवशी गाडीत असतानाच गेला होता. गाडी उशिरा पोचली होती. तिनं प्रमुखला विचारलं, "ती गाडी कधी अडली? सकाळच्या गोंधळात की माझ्या त्या मिनिटांत?"

प्रमुख तिच्याएवढ्याच वयाची होती. तिनं समोरची नोंदवही उघडली आणि पुन्हा मिटली. "मी शोधून पाहिलं," ती म्हणाली. "कळत नाही. तुम्हालाही कळणार नाही, मॅडम. त्याच्यामागं लागू नका."

आत्या त्याच्यामागं लागली नाही, पण ते तिच्यामागं राहिलं. तिनं सभासदांसमोर राजीनामा ठेवला. टॉवरवाल्यानं तो वाचलाच नाही. "एवढी मोठी चूक करून शिकलेली बाई आम्ही दुसऱ्यांना का देऊ?" असं म्हणून त्यानं कागदाची घडी घालून तिच्याच पर्समध्ये सरकवली. बाकीच्यांना हसू आलं, तिला आलं नाही. मात्र तिनं एक केलं. तपासणीच्या कप्प्यातून पुढं जाण्याची आज्ञा आता दोन माणसांनी मिळूनच देता येईल अशी सोय केली, आणि त्यातून तिलाही सूट मिळणार नाही हेही बघितलं.

केबल दुरुस्त झाल्यावर थोरलीच्या वरच्यांचा हुकूम आला: छापखान्यातली जोडणी काढा. धाकट्यानं कळवलं, काढायची असेल तर दुसऱ्या कुणीतरी यावं, मी काढणार नाही. त्याची बदली तक्रारींच्या खात्यात झाली, खिडकी नसलेल्या खोलीत. काढायला मात्र कुणीच आलं नाही. थोरलीच्याच गिऱ्हाइकांना आता सगळं झटकन मिळत होतं, आणि ते बंद करून त्यांच्या शिव्या खायची वरच्यांपैकी कुणाची तयारी नव्हती. कागदोपत्री विषय लांबत गेला आणि एक दिवस थोरलीनं रीतसर सभासदत्वाचा अर्ज केला.

थोरली आली तशा बँका आल्या. परदेशातल्या ज्या मोठ्या कंपन्या आत्याच्या पत्रांना उत्तर देत नव्हत्या, त्यांनी स्वतःहून विचारलं, तुमच्याकडं जागा आहे का. छापखान्याची जमीन भरत आली. पण आत्याची झोप आता वेगळ्याच गोष्टीनं उडाली होती. सगळं शहर एका खोलीत आलं होतं, आणि त्या खोलीत यायची वाट एकाच पुलाखालून होती. "आपण तुटत नव्हतो, कारण आपण लहान होतो," ती सभासदांना म्हणाली. "आता नदीपलीकडं दुसरी खोली हवी, आणि तिची वाट दुसऱ्या पुलावरून." एरवी अशा गोष्टीवर महिनोन्‌महिने भांडले असते. त्या वेळी एका बैठकीत ठरलं. सगळ्यांनी आपले दिवे पिसाटलेले पाहिले होते.

बहीणभाऊ लगेच पूर्वीसारखे झाले असं नाही. पण आईकडं आता दोन्ही गाड्या एकाच वेळी उभ्या दिसायच्या, आणि आई दोघांना एकाच वेळी वाढताना कुरकुरायची की हे दोघं यंत्रांशिवाय दुसरं काही बोलतच नाहीत.

मग एका लांबच्या लहान शहरातून तीन कंपन्यांनी आत्याला बोलावलं. त्यांना आपलं एक्सचेंज काढायचं होतं. धाकटा म्हणाला, "मी नेतो. तक्रारींच्या खात्यात एका दिवसानं काही बिघडत नाही." दोघं दिवसभर गाडीत होती. तिघं मालक स्टेशनजवळ तीन वेगवेगळ्या कोपऱ्यांत उभे राहून वाट बघत होते. त्यांनी मोठ्या अभिमानानं नदीकाठचं एक तळघर दाखवलं: नवीकोरी फरशी, पांढऱ्या भिंती, थंडगार हवा. तिघांपैकी कुणाच्याही मालकीचं नाही, नगरपालिकेचं. आत्यानं सगळीकडं नजर फिरवली आणि दाराशी उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला विचारलं, "काका, नदीला पूर येतो तेव्हा पाणी कुठवर चढतं?"

पहारेकऱ्यानं क्षणभर मालकांकडं पाहिलं. मग हात डोक्याच्याही वर नेऊन नव्या रंगाच्या भिंतीवर टेकवला.

तिघं मालक एकमेकांकडं बघायला लागले, बहुधा पहिल्यांदाच. आत्या जिन्याकडं वळली.

"चला," ती म्हणाली, "दुसरी कुठली जागा आहे ती दाखवा. आणि तिघं एकाच गाडीत बसा."